तीन तासांचं फायर ट्रेनिंग पॅकेज: फाइल भरते, हात कोरेच राहतात

लहान-मध्यम कारखान्यांना अग्निसुरक्षेचं जे ठरलेलं प्रशिक्षण विकलं जातं, त्याबद्दल हे मत आहे. पुरवठादार बदलला तरी साचा तोच: अडीच तास स्लाइड, अर्धा तास मैदानात प्रात्यक्षिक, चहा, ग्रुप फोटो, प्रमाणपत्र. ऑडिटला कागद हवा असेल तर काम भागतं. आमच्याकडून ५ पैकी २ गुण.

मूळ चूक आखणीतच आहे. आग लागल्यावर पहिल्या मिनिटात कामगाराने काय करायचं, इथून सुरुवात व्हायला हवी. इथे ती होते आगीच्या त्रिकोणापासून (उष्णता, इंधन, ऑक्सिजन) आणि २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियमाच्या कलमांपासून.

मैदानात तर आणखी वाईट. ६० जणांच्या बॅचमध्ये आग विझवायचा सिलिंडर हाताळतात दोन-तीन जण, तेही बहुधा सुपरवायझर. बाकीचे मोबाइलवर शूटिंग करतात. ६ किलोचा एबीसी पावडरचा (घन, द्रव, वायू अशा तिन्ही इंधनांच्या आगीवर चालणारा) सिलिंडर सलग दाबला तर साधारण १५ ते २० सेकंदांत रिकामा होतो, म्हणजे चुकायला जागाच नाही. आणि नवखा माणूस हमखास चुकतो: घाबरून हँडल आवळूनच पिन ओढतो, मग पिन अडकते. फवारा ज्वाळांच्या शेंड्यावर मारतो, बुडाशी नाही. वाऱ्याच्या विरुद्ध उभा राहतो. पाठीमागे दार मोकळं आहे का, ते बघत नाही. विजेच्या पॅनेलजवळच्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडरचा भोंगा उघड्या हाताने धरला तर थंडीने कातडी भाजते, हे पाहून कळत नाही. धरायचं कसं ते करूनच कळतं.

सिलिंडर वाया जातात, ही पुरवठादाराची सबब. त्यावर उपाय सोपा आहे: रिफिलिंगला जायचे सिलिंडर सरावाला वापरा आणि प्रशिक्षणाची तारीख रिफिलिंगच्या आधीच्या आठवड्यात धरा. बॅच १५ जणांची ठेवा. सिलिंडर कमी असतील तर दोघांत एक. पिन मात्र प्रत्येकाने स्वतः काढायची.

शेवटची लेखी परीक्षा म्हणजे निव्वळ पाठांतर. ‘आगीचे प्रकार किती?’ याचं बरोबर उत्तर देणाऱ्याला स्वतःच्या मशिनजवळचा सिलिंडर कुठे आहे ते सांगता येईलच असं नाही. अभिप्राय फॉर्मबद्दल काय बोलावं, त्यात जेवणाला सर्वाधिक गुण पडतात.

भाषेचा विचार क्वचितच होतो. इंग्रजी स्लाइड, हिंदी भाषण आणि समोर ओडिया, भोजपुरी, मराठी बोलणारे कंत्राटी कामगार. तेही बसवले तर! पुष्कळदा यादीत फक्त कायम कामगार असतात आणि रात्रपाळी पूर्ण सुटते. रात्री मदतीला माणसं कमी, म्हणून खरं तर ती बॅच आधी घ्यायला हवी.

पॅकेज घ्यायचंच असेल तर वर्क ऑर्डरमध्ये चार गोष्टी लिहून घ्या: प्रत्येकाच्या हातात सिलिंडर, स्लाइड ३० मिनिटांच्या आत, रात्रपाळीची वेगळी बॅच आणि तीन महिन्यांनी पूर्वसूचना न देता ड्रिल. शेवटचा हप्ता त्या ड्रिलनंतरच द्या.