थायलंडमध्ये शिकवताय? नॉन-बी व्हिसासाठी लाओसला जायचं की इथेच बदलून घ्यायचा

शाळेत नोकरी पक्की झाली आहे, पण पासपोर्टवर शिक्का अजून पर्यटकाचाच आहे. अशा वेळी दोन वाटा असतात. एक म्हणजे थायलंडमधल्याच इमिग्रेशन ऑफिसात व्हिसाचा प्रकार बदलून घेणं. दुसरी म्हणजे मेकाँग ओलांडून लाओसला जायचं आणि तिथून नॉन-बी, म्हणजे नोकरीसाठीचा व्हिसा, घेऊन परत यायचं. मी दोन्ही केलं आहे. दोन्हीकडून हाती तेच 90 दिवस येतात, आणि तेवढ्यात वर्क परमिट आणि पुढची वर्षाची मुदतवाढ उरकायची असते. नुसत्या नॉन-बीवर वर्गात उभं राहता येत नाही, वर्क परमिट लागतंच. हे कितीतरी शाळा नव्या शिक्षकाला नीट सांगत नाहीत, म्हणून आधीच सांगून ठेवते.

देशातल्या देशात बदल करायचा तर अर्जाच्या दिवशी मुक्कामाचे किमान 15 दिवस शिल्लक हवेत. पर्यटक व्हिसावर आलेल्यांसाठी टीएम 86 हा फॉर्म असतो, व्हिसाशिवाय आलेल्यांसाठी टीएम 87. फी 2,000 बाट. निकाल लगेच मिळत नाही, साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. पण तोवर तुम्ही स्वतःच्या खोलीत असता. कागद कमी पडला तर शाळेची बाई दुपारी तो आणून देते.

लाओसचं गणित अलीकडे पार बदललं आहे. पूर्वी लाओसची राजधानी व्हिएन्तियानच्या थाई वकिलातीत सकाळी पासपोर्ट द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिसा लावून घ्यायचा. दोन दिवसांत माणूस मोकळा. जानेवारी 2025 पासून मात्र थायलंडचे सगळे दूतावास ई-व्हिसावर गेले. आता रांग नाही, पण अर्ज लाओसमध्ये राहूनच भरायचा आणि मंजुरी येईपर्यंत तिथेच थांबायचं. म्हणून "दोन दिवसांत होतं" असं सांगणाऱ्या जुन्या सहकाऱ्यांवर विसंबू नका. हॉटेलचे जास्तीचे दिवस आणि बुडालेले तास खर्चात धरा. लाओसचा व्हिसा पासपोर्टचं अख्खं एक पान खातो, तेव्हा कोरी पानंही मोजून घ्या.

जाणं मात्र सोपं आहे. बँकॉकहून रात्रीच्या गाडीने नोंग खाई गाठायचं, तिथून 1994 साली बांधलेल्या मैत्री पुलावरून पलीकडे. 2024 पासून तर गाडी थेट व्हिएन्तियानपर्यंत जाते. इसानच्या, म्हणजे ईशान्य थायलंडच्या, पूर्व भागात शिकवत असाल तर मुकदाहानसमोरचं लाओसमधलं सावन्नाखेत जवळ पडतं. परतीच्या आधी थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड भरायला विसरू नका.

लाओसला गेले तेव्हा माझं काम अडलं ते कागदावर. शाळेच्या पत्रात पासपोर्ट क्रमांकातला एक आकडा चुकला होता. ते लक्षात आलं गुरुवारी, सही करणारे मुख्याध्यापक बाहेरगावी. सुधारलेलं पत्र यायला सोमवार उजाडला. तेवढ्यात माझ्या मुलांची चाचणी दुसऱ्याच कुणीतरी घेतली, त्याची खंत आजही आहे. हीच चूक थायलंडमध्ये राहून अर्ज केला असता तर एका फेरीत सुटली असती.

त्यामुळे 15 दिवस हातात असतील आणि शाळेचं ऑफिस तत्पर असेल, तर इथेच बदला, असं मी सांगेन. दिवस कमी असतील तर लाओस, पण कामगार खात्याची पूर्वमंजुरी, नियुक्तीपत्र आणि शाळेचा परवाना हातात पडल्याशिवाय गाडीचं तिकीट काढू नका. शाळा मे महिन्यात उघडते म्हणून पुष्कळजण एप्रिलच्या मध्याला निघतात. नेमकं तेव्हा इकडे सोंगक्रान, म्हणजे थाई नवं वर्ष, आणि तिकडे लाओसचं नवं वर्ष, दोन्हीकडची ऑफिसं बंद. एप्रिलचा पहिला आठवडा किंवा शेवटचा गाठा.

शाळा बदलणाऱ्यांचं प्रकरण निराळं. वर्षाची मुदतवाढ जुन्या नोकरीला बांधलेली असते, नोकरीचा शेवटचा दिवस तोच तिचाही. दोन्ही शाळांनी तारखा जुळवल्या तर काही वेळा बाहेर न जाता निभावतं. नाही जुळल्या तर सीमा ओलांडावीच लागते. उगाच थांबलात तर दिवसाला 500 बाट दंड.

आणि मुदतवाढ चालू असताना नुसतं सुट्टीला म्हणून लाओसला जात असाल, तर आधी री-एन्ट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, काढा. एका वेळचं 1,000 बाट, अनेक वेळचं 3,800. ते न काढता पूल ओलांडला की वर्षभराची मुदतवाढ त्याच क्षणी रद्द होते आणि सगळं पुन्हा नॉन-बीपासून सुरू करावं लागतं.