गाडी वेगवान आहेच, आधी स्टेशन कुठलं ते बघा : चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या मेट्रो-रेल्वेचा सहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ग्वांगझू ते शेंझेन किती वेळ लागतो? ‘अर्धा तास’ हे उत्तर खरं आहे, पण त्याचा उपयोग नाही. ग्वांगझू दक्षिण ते शेंझेन उत्तर हे अंतर हायस्पीड गाडी साधारण ३०-३५ मिनिटांत कापते, पण ही दोन्ही स्टेशनं शहरांच्या जुन्या मध्यापासून लांब आहेत. समजा, ग्वांगझूच्या तियानहे भागातल्या तियू शीलू स्टेशनवरून शेंझेनच्या ह्वाचियांगबेई इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायचंय. मेट्रोने ग्वांगझू दक्षिणला पोचायला ४०-४५ मिनिटं, तपासणी आणि फलाट शोधायला अर्धा तास, गाडीत अर्धा तास आणि उतरल्यावर पुन्हा मेट्रोत अर्धा तास. झाले सव्वादोन तास.

आता दुसरा रस्ता. तियू शीलूपासून दोनच स्टेशनं पुढे ग्वांगझू पूर्व आहे. तिथून सुटणारी गाडी शेंझेन स्टेशनला (म्हणजे लुओहूला) जायला सव्वा तासाच्या आसपास घेते. लुओहूहून मेट्रोची एक नंबर लाइन धरली की पाचवं स्टेशन ह्वाचियांग लू, आणि बाजार तिथून चालत. एकूण वेळ तेवढाच, भाडंही दोन्हीकडे ७५-८० युआनच्या घरात, पण सामान घेऊन पळापळ निम्मी. मुंबईत गाडी सीएसएमटीहून आहे, एलटीटीहून की पनवेलहून, हे विचारल्याशिवाय कोणी तिकीट काढत नाही. इथेही तीच सवय लावून घ्यावी लागते. फरक एवढाच की आरक्षणाच्या ॲपमध्ये सगळ्यात वेगवान गाडी वर दिसते आणि बोट तिथेच जातं.

ग्वांगझूमध्ये नुसतं ‘ग्वांगझू’ नावाचं जुनं स्टेशन आहे (मेट्रो लाइन २, ५ आणि ११). शिवाय पूर्व, दक्षिण, उत्तर आणि डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेलं बाययुन अशी वेगळी स्टेशनं आहेत. शेंझेनमध्ये शेंझेन (लुओहू), शेंझेन उत्तर, शेंझेन पूर्व आणि जमिनीखालचं फुटियान. यातलं फुटियान सर्वात सोयीचं, कारण ते ऐन व्यापारी भागात आहे. ग्वांगझू दक्षिणहून तिथे जाणारी गाडी मिळाली तर दहा-पंधरा मिनिटं जास्त लागली तरी तीच घ्या. एक बारीक खोच : रेल्वेच्या इंग्रजी तिकिटावर दिशा चिनीतच छापलेली असते, ‘ग्वांगझूनान’, ‘शेंझेनबेई’ अशी, आणि मेट्रोच्या पाटीवर तेच स्टेशन इंग्रजी ‘साउथ’, ‘नॉर्थ’ लावून येतं. दोंग पूर्व, शी पश्चिम, नान दक्षिण, बेई उत्तर. हे चार शब्द पाठ असले की निम्मी चुकामूक टळते.

मेट्रोला दहापैकी नऊ. ग्वांगझूची मेट्रो १९९७ पासून आहे, शेंझेनची २००४ पासून. दोन्हीकडे भाड्याचं गणित सारखंच : पहिल्या ४ किलोमीटरला २ युआन, १२ किलोमीटरपर्यंत दर ४ किलोमीटरला १ युआन, २४ पर्यंत दर ६ ला १ आणि त्यापुढे दर ८ ला १. विमानतळापासून तियानहेपर्यंत ७-८ युआन होतात. उद्घोषणा मँडरिन, कँटोनीज आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत. दाराबाहेरच्या पाट्या वाचता येतात आणि बाहेर पडायच्या दारांना अक्षरं असतात. हे अक्षर आधी बघून ठेवणं ही चैन नाही. मोठ्या स्टेशनांत चुकीच्या दाराने वर आलात तर आठ पदरी रस्ता आडवा येतो आणि ओलांडायला पुन्हा खालीच जावं लागतं. पत्ता विचारताना दुकानदाराकडून दाराचं अक्षरही घ्या, तिथले लोक आपणहून सांगतात.

एक गुण कापला तो ग्वांगझूच्या तीन नंबर लाइनसाठी. विमानतळ, तियानहे आणि पान्यू या तिन्हींना जोडणारी ही लाइन सहा डब्यांच्या गाड्यांवर चालते आणि सकाळी आठ ते साडेनऊ तियू शीलू किंवा केचुन इथे मोठी सूटकेस घेऊन चढणं म्हणजे दादरला पिशव्यांसह फास्ट लोकल पकडणं. गर्दी वाढली की स्टेशनबाहेर लोखंडी कठडे लावून रांग नागमोडी फिरवतात आणि लोकांना टप्प्याटप्प्याने आत सोडतात. लाइनला फाटाही आहे, त्यामुळे फलाटावर गाडीचं शेवटचं स्टेशन वाचून मगच चढा. दक्षिणेकडे लांब जायचं असेल तर १८ नंबर बघा. २०२१ मध्ये सुरू झालेली ही लाइन ताशी १६० किलोमीटरपर्यंत धावते, स्टेशनं मोजकी, आणि पान्यू स्क्वेअरला ती तीन नंबरला मिळते. डिसेंबर २०२४ पासून ११ नंबरची वर्तुळाकार लाइन आल्यावर मधल्या स्टेशनांवरचा ताण थोडा हलका झाला, पण तीन नंबर ती तीन नंबरच.

शेंझेनच्या ११ नंबरला, म्हणजे विमानतळाच्या लाइनला, दोन बिझनेस डबे आहेत. भाडं साध्याच्या तिप्पट. तरीही वीस-पंचवीस युआनच होतात, त्यामुळे सामान असताना संध्याकाळी घ्यायला हरकत नाही. मात्र त्या डब्यात चढण्याआधी फलाटावरच्या वेगळ्या यंत्रावर कार्ड किंवा क्यूआर कोड दाखवावा लागतो, नाहीतर तपासनीस फरक वसूल करतो. काही लाइनींवर गर्दीच्या वेळी महिलांसाठी प्राधान्याचा डबा असतो. प्राधान्याचाच, राखीव नव्हे. पुरुष त्यात सर्रास दिसतात, तेव्हा मुंबईच्या लेडीज डब्याची अपेक्षा ठेवू नका. उलट थंडी सोसत नसेल तर ‘कमी गार’ डबा जरूर शोधा. जून-जुलैत बाहेर घामाघूम होऊन साध्या डब्यात शिरलं की हुडहुडी भरते.

पैशांचं काम भारतातून निघण्यापूर्वीच उरका. अलीपे (किंवा वीचॅट) हे पैसे भरायचं ॲप घरीच उतरवून पासपोर्टने ओळख पटवून घ्या आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. आपल्या बँकांच्या कार्डांवर परदेशी व्यवहार सहसा बंदच असतात, ते बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. हे राहिलं की पहिल्याच गेटवर अडता, आणि ओटीपी भारतीय सिमवर येतो म्हणून ते रोमिंगवर जिवंत ठेवावं लागतं. २०० युआनच्या आतल्या व्यवहाराला अलीपे जादा शुल्क लावत नाही, त्यावर ३ टक्के लागतात. मेट्रोचं भाडं कधीच तिथवर जात नाही.

अलीपेमधल्या ‘ट्रान्सपोर्ट’मध्ये शहर निवडून त्या शहराचा क्यूआर कोड चालू करायचा. ग्वांगझूचा कोड शेंझेनला आपोआप चालत नाही, शहर बदललं की पुन्हा निवडा. आत जाताना दाखवलेला कोड आणि बाहेर पडतानाचा कोड एकाच फोनवरचा हवा. एका कोडवर नवरा-बायको दोघं जाऊ शकत नाहीत. दुसरा आत शिरला तरी बाहेर पडताना गेट अडवतं. पडद्यावर काळसर प्रायव्हसी काच लावली असेल तर स्कॅनर वाचत नाही. आणि मधेच बॅटरी संपली तर गेटाशेजारच्या काउंटरवर कुठून चढलात ते सांगून रोख भरावं लागतं, म्हणून वीस-तीस युआन सुटे खिशात असू द्या. यंत्रातून मिळणारं प्लास्टिकचं गोल टोकन हा साधा पर्याय आहेच. आत जाताना टेकवायचं, बाहेर पडताना खाचेत टाकायचं. मुक्काम मोठा असेल तर ग्वांगझूचं यांगचेंगथोंग किंवा शेंझेनथोंग कार्ड घ्या, पण देशभर चालणाऱ्या ‘चायना टी-युनियन’चं चिन्ह असलेलंच मागा. ज्येष्ठांसाठी फोनपेक्षा कार्डच बरं.

रेल्वेचं अधिकृत ॲप १२३०६. इंग्रजी आवृत्ती आहे, पासपोर्टचा फोटो चढवून नोंदणी होते, पण पडताळणीला वेळ लागू शकतो, म्हणून प्रवासाच्या आदल्या रात्री सुरुवात करू नका. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. आपल्याकडे अनेकांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो आणि सगळं नाव एकाच ओळीत येतं. तिथे बहुतेकांचं गाडं अडतं. अशांनी सरळ पासपोर्ट घेऊन स्टेशनच्या खिडकीवर जावं. विक्री साधारण १५ दिवस आधी उघडते. परतावा : ८ किंवा जास्त दिवस आधी रद्द केल्यास कपात नाही, त्यानंतर ४८ तास आधीपर्यंत ५ टक्के, ४८ ते २४ तासांत १० टक्के, शेवटच्या २४ तासांत २० टक्के. गाडी चुकली तर परतावा मिळत नाही, पण जागा असल्यास त्याच दिवशीच्या नंतरच्या गाडीवर तिकीट बदलून मिळतं.

तिकीट म्हणजे पासपोर्टच, कागद लागत नाही. पण झेरॉक्स किंवा फोनमधला फोटोही चालत नाही, मूळ पासपोर्टच हवा. बरीच स्वयंचलित गेटं चिनी ओळखपत्रासाठी आहेत, त्यामुळे कडेच्या, कर्मचारी बसलेल्या रांगेतून जावं लागतं आणि तिथे तुमच्यासारखेच वीस जण असतात. गेट साधारण १५ मिनिटं आधी उघडतं आणि सुटण्याच्या ३ ते ५ मिनिटं आधी बंद होतं. बंद म्हणजे बंद, गार्डला हात दाखवून उपयोग नाही. ग्वांगझू दक्षिणला प्रतीक्षागृह वर, फलाट त्याखाली, बाहेर पडणं त्याच्याही खाली आणि मेट्रो तळघरात. एकाच फलाटाला ए आणि बी अशी दोन गेटं असतात, डब्याच्या क्रमांकाला जवळचं गेट धरा. सोळा डब्यांची गाडी पुष्कळदा आठ-आठ डब्यांच्या दोन गाड्या जोडून केलेली असते आणि आतून पलीकडे जाता येत नाही. सेकंड क्लासमध्ये आसनं ए, बी, सी आणि डी, एफ. ‘ई’ नसतंच. खिडकी हवी तर ए किंवा एफ.

सामानाची तपासणी मेट्रोतही होते आणि रेल्वेतही. रेल्वेत डिओडरंटचा १५० मिलीपेक्षा मोठा डबा काढून घेतात, आणि भाजी चिरायची मोठी सुरी बॅगेत असेल तर तिलाही मुकाल.

कमी बोलली जाणारी पण फार कामाची गोष्ट म्हणजे शहरांना जोडणाऱ्या लोकलसारख्या गाड्या. २६ मे २०२४ पासून झाओचिंग, फोशान, ग्वांगझूचा दक्षिण भाग, डोंगग्वान आणि हुइझोऊ असा २५८ किलोमीटरचा एकच सलग मार्ग झाला. आसन आरक्षित न करता कोड दाखवून चढायचं, मेट्रोसारखं. डोंगग्वानच्या कारखान्यांकडे जाणाऱ्यांना हा मार्ग ग्वांगझूच्या मध्यात न शिरता नेतो. मात्र गाड्या मेट्रोइतक्या दाट नाहीत, वेळ बघूनच निघा. फोशानच्या जुन्या भागासाठी २०१० पासूनची ग्वांगफो मेट्रो पुरेशी आहे, झूम्याओ स्टेशनवर उतरा.

आता ज्याची चूक सगळ्यात महाग पडते ते. हाँगकाँग आणि मकाऊला जाणं म्हणजे चीनमधून बाहेर पडणं. तुमचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल आणि तुम्ही दुपारी ‘जरा हाँगकाँग बघून येतो’ म्हणून लुओहूची सीमा ओलांडलीत, तर परत येता येणार नाही, आणि ग्वांगझूच्या हॉटेलातलं सामान तिथेच राहील. दोनदा किंवा अनेकदा प्रवेशाचाच व्हिसा मागा. भारतीय पासपोर्टला हाँगकाँगसाठी आधी ऑनलाइन नोंदणी करून तिची ए-४ कागदावरची छापील प्रत जवळ ठेवावी लागते, मुक्काम १४ दिवसांपर्यंत. मकाऊत ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही.

हाँगकाँगच्या वेस्ट काउलूनपर्यंत सप्टेंबर २०१८ पासून हायस्पीड गाडी आहे, ग्वांगझू दक्षिणहून सर्वात वेगवान ४७ मिनिटांत. दोन्ही बाजूंचं इमिग्रेशन तिथेच एका छताखाली होतं. परतीच्या गाडीसाठी मात्र तासभर आधी पोचा. स्वस्तात जायचं तर लुओहू किंवा फुटियान सीमा पायी ओलांडून पलीकडची एमटीआर (हाँगकाँगची मेट्रो) धरा. लुओहू सकाळी साडेसहा ते मध्यरात्र, फुटियान रात्री साडेदहापर्यंत. त्यानंतर ह्वांगगांग, ती चोवीस तास. मकाऊसाठी ग्वांगझूहून झुहाई स्टेशन, भाडं ७० युआनच्या आसपास, वेळ तासाच्या वर. गोंगबेई सीमा स्टेशनला लागूनच आहे. हाँगकाँगहून मकाऊला समुद्रपुलावरून शटल बस दिवसरात्र चालते, आणि त्या वाटेने चीनचा व्हिसा खर्ची पडत नाही.

शहरी बस २ युआन, पुढून चढा, मागून उतरा. कंडक्टर नाही आणि पेटीत टाकलेल्या दहाच्या नोटेचे सुटे मिळत नाहीत. पाटी चिनीत, म्हणून क्रमांकावर भिस्त ठेवा. ग्वांगझूच्या नदीवरच्या २ युआनच्या बोटी मात्र चुकवू नका, शीदीहून फांगचुनला जाताना मेट्रोच्या दोन जिन्यांपेक्षा कमी दम लागतो.

नकाशासाठी गाओदे, म्हणजे आमॅप. त्याचीही इंग्रजी आवृत्ती आहे. गूगल नकाशा रोमिंगच्या सिमवर उघडतो, पण चीनच्या नकाशाप्रणालीमुळे त्यातली ठिकाणं काही शे मीटर सरकलेली दिसतात आणि मेट्रोचं दार चुकतं.

तारखा नीट निवडा. कँटन फेअर (ग्वांगझूतलं मोठं व्यापारी प्रदर्शन) साधारण १५ एप्रिल ते ५ मे आणि १५ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर असतो. त्या दिवसांत आठ नंबर लाइनची पाझोऊ आणि शिंगांगदोंग ही स्टेशनं संध्याकाळी पाच वाजता टाळा, तासभर आधी किंवा नंतर निघा. १ ऑक्टोबरची सुट्टी आणि चिनी नववर्ष यांच्या आसपास १५ दिवस आधीचं तिकीटही उघडताक्षणी संपतं. मार्च-एप्रिलमध्ये हवा इतकी दमट असते की स्टेशनांच्या फरशांना पाणी सुटतं, गुळगुळीत तळव्याची पादत्राणं नकोत. जुलै ते सप्टेंबर वादळांचे. इशारा लाल झाला की रेल्वे आणि मेट्रो थांबू शकतात. सप्टेंबर २०२५ च्या रगासा वादळात तसंच झालं. रद्द गाडीचे पैसे पूर्ण परत मिळतात, पण विमान गाठायचं असेल तर आदल्या दिवशीच विमानतळाजवळ जाऊन राहा.