स्तनगाठींच्या अभ्यासासाठी उंदीर: सी३एच की एफव्हीबी?

स्तनगाठींचे कारण विषाणूत शोधायचे की संप्रेरकांत, यावर उंदरांचा वाण ठरतो; सी३एच आणि एफव्हीबी हे प्रयोगशाळेत वापरले जाणारे असे दोन वाण. सी३एच वाणात आईच्या दुधातून पिलांकडे जाणारा विषाणू मादीला तरुणपणापासूनच गाठींकडे नेतो. अमेरिकी संशोधक जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले की, पिले जन्मताच दुसऱ्या वाणाच्या मादीला पाजायला दिली तर गाठींचे प्रमाण खूप घटते. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये कमल रणदिवे यांनीही उंदरांतील स्तनकर्करोगावर मोलाचे काम केले. मुंबईच्या अभ्यासकांनी ते आवर्जून वाचावे.

एफव्हीबी वाणाची गोष्ट निराळी आहे. अनेकदा व्यालेल्या, उतारवयाच्या माद्यांत पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी वाढते, तिच्यात प्रोलॅक्टिन हे दूधनिर्मितीला चालना देणारे संप्रेरक स्रवणाऱ्या गाठी होतात आणि त्या प्रोलॅक्टिनमुळे स्तनग्रंथीही फुगून येतात. म्हणूनच, जनुक बदललेल्या एफव्हीबी मादीत स्तनवाढ दिसली की तिचे श्रेय लगेच त्या जनुकाला देणे मला धोक्याचे वाटते. शवविच्छेदनात कवटी उघडून मेंदूखालची पीयूषिका पाहावी, ती फॉर्मॅलिनमध्ये ठेवून तिच्यातले प्रोलॅक्टिन सूक्ष्मदर्शकाखाली दिसावे म्हणून रंगवावी आणि त्याच वयाच्या, तितक्याच वेळा व्यालेल्या, जनुक न बदललेल्या माद्या तुलनेला घ्याव्यात. वार्धक्याच्या अभ्यासासाठी, एवढी काळजी घेण्याची तयारी असेल तर, मी एफव्हीबीच निवडेन.