दालचिनी: तीन डबे, आठ महिने

गेल्या गणपतीपासून बेळगावात, टिळकवाडीतल्या आमच्या स्वयंपाकघरात दालचिनीचे तीन डबे आहेत. रविवार पेठेतून नेहमी येणारी जाड साल, सावंतवाडीच्या वन्संनी त्यांच्या झाडाची पाठवलेली, आणि ऑनलाइन मागवलेली श्रीलंकेची. तिसरीची किंमत ऐकून सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात वर्षाच्या चटणीचा निम्मा मसाला आला असता की गं!"

पेठेतली म्हणजे कॅसिया, मूळची चीनकडची जात. लाकडासारखी टणक, मिक्सरचं पातं खडखडतं. चावली की आधी गोडसर, मग जीभ चुरचुरते. दालचिनी हे नाव फारसी 'दारचिनी'वरून, म्हणजे चीनचं लाकूड. तेव्हा नावावर खरा हक्क हिचाच. श्रीलंकेची कागदासारखी पातळ, पदरात पदर गुंडाळलेली, बोटांनी चुरते. वास मंद, किंचित लवंगेकडे जाणारा, कारण लवंगेतलं युजेनॉल हे वासाचं द्रव्य हिच्यातही असतं.

दिवाळीत हौसेनं हीच महागाची तांबड्या रश्शात घातली. कुठं गेली कळलंच नाही! संकेश्वरी मिरची, खोबरं, दगडफूल यांच्या गर्दीत तिचा आवाज निघत नाही. एप्रिलमध्ये डंकावर चटणी कांडली ती जाड सालीचीच, आणि बरोबर झाली. उलट बासुंदीत, चहात पातळ दालचिनीला तोड नाही. जाड सालीची पूड गरम दुधात बुळबुळीत होऊन तळाशी बसते. मी महिनाभर दूधवाल्याला बोल लावत होते.

वन्संची जात श्रीलंकेचीच, पण घरी सोललेली. वरची खरबरीत साल नीट खरवडली नसेल तर तो तुकडा तुरट लागतो. खरवडलेला असेल तर वास पहिल्या दोघींच्या मधला. सोबत आलेली पानं मात्र मला सालीहून आवडली. बेळगावी बासमतीच्या भातात दोन टाकली की पुरे.

आमचे हे साखरेसाठी रोज सकाळी चमचाभर पूड कोमट पाण्यातून घ्यायचे, व्हॉट्सॲपवर कुणीतरी सांगितलं म्हणून. तीही पेठेतल्या सालीची. कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि ते जास्त झालं तर यकृताला बाधू शकतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅम ठेवली आहे. ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. चमचाभर पुडीत ती सहज ओलांडली जाऊ शकते. पातळ दालचिनीत कुमारिन अगदी नगण्य. रश्शातल्या बोटभर तुकड्याची काळजी नको, खरं रोजचा चमचा बंद केला. ह्यांनी दोन दिवस तोंड फुगवलं.

तयार पुडीचं एक पाकीटही घेतलं होतं. आत कुठली साल हे कुठंच छापलेलं नाही, आणि दोन महिन्यांत वास गेला. तुकडेच घ्या.

पेठेतला दुकानदार आता मला बघून कन्नडमध्ये विचारतो, "दप्प चक्के ना?" हो, जाडच. श्रीलंकेची परत मागवली, फक्त पन्नास ग्रॅम. तो डबा सासूबाईंच्या चहापत्तीशेजारी असतो; मला मागून घ्यावा लागतो.