'ऑनलाइन' प्रकारचा यूपीएस सांगून भंगार गळ्यात मारलं, घरी सर्व्हर असेल तर नक्की वाचा

घरी सर्व्हर किंवा नास (नेटवर्कवरून वापरायचा डिस्कचा डबा) लावलाय आणि त्याच्यासाठी यूपीएस बघताय अशा लोकांसाठी लिहितोय, जरा लांबेल पण पूर्ण वाचा. माझे ९,५०० रुपये गेले, पण पैशापेक्षा डेटाचा मनस्ताप जास्त झाला.

आम्ही पुण्यात धायरीला राहतो. बायको घरून पाच-सहा छोट्या व्यापाऱ्यांची अकाउंट्स बघते, सगळ्यांचा टॅलीचा डेटा घरच्याच सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे जुना आय फाईव्ह डेस्कटॉप, त्यात ४ टीबीच्या दोन डिस्क मिरर केलेल्या (दोन्हीवर एकच डेटा), शेजारी राऊटर आणि नेटवर्क स्विच. गुरुवारी मेंटेनन्सला लाईट जाते ती आधी माहीत तरी असते, पण पावसाळ्यात दिवसातनं चार वेळा दोन-दोन मिनिटं जाते ना, तिचा खरा त्रास. जुना ६०० व्हीएचा (व्हीए म्हणजे यूपीएसच्या क्षमतेचं माप) यूपीएस मेला म्हणून मे २०२५ मध्ये नवीन शोधायला लागलो.

एका दुकानात गेलो, नाव लिहीत नाही. दुकानदार म्हणाला, "दादा, सर्व्हर आहे ना, मग लाईन इंटरॅक्टिव्ह घेऊच नका, ऑनलाइन डबल कन्व्हर्जनच पायजे, प्युअर साईनवेव्ह." (लाईन इंटरॅक्टिव्ह म्हणजे लाईट गेल्यावरच बॅटरीवर जाणारा, ऑनलाइन डबल कन्व्हर्जन म्हणजे लोड कायम आतल्या इन्व्हर्टरवरून चालवणारा, आणि साईनवेव्ह म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत वेव्ह.) आता हे बोलणं मला तेव्हा चूक वाटलं नाही, मी घरी वाचून गेलो होतो तेच तो बोलत होता, म्हणून तर माझा विश्वास बसला. नवीन चौदा-पंधरा हजारला पडतो, हा कंपनीचा डेमो पीस आहे, १ केव्हीए (१००० व्हीए), आत तीन बॅटऱ्या नव्याकोऱ्या, अर्धा तास आरामात बॅकअप, साडेनऊला देतो म्हणाला. पक्कं बिल घेतलं तर जीएसटी वरून लागेल, कशाला वाढवता. मी कच्च्या एस्टिमेटवर तयार झालो, ही माझी चूक. त्या कागदावर फक्त "यूपीएस १ नग" एवढंच लिहिलं होतं, ना मॉडेल ना सिरीयल नंबर.

त्यानं डेमो दाखवला तो नीट समजून घ्या. ६० वॉटचा पिवळा बल्ब लावला, प्लग काढला, बल्ब पाच-सात मिनिटं जळत राहिला, मी खूश. पण बल्बला वेव्ह कशी आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं, चौकोनी वेव्हवरसुद्धा तो तसाच जळतो. कॉम्प्युटरच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये (आतल्या पॉवर सप्लायमध्ये) ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे वीज नीट खेचणारं सर्किट असतं, त्याला खराब वेव्ह मिळाली की तो गडबडतो किंवा बंदच पडतो. आणि ६० वॉट म्हणजे काहीच लोड नाही. माझा सगळा सेटअप मॉनिटर धरून मीटरवर १७० वॉट खातो, म्हणजे जवळपास तिप्पट.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी शंका यायला पाहिजे होती. प्लग काढला की आतून टक असा आवाज यायचा. ऑनलाइन यूपीएसमध्ये लोड कायमच इन्व्हर्टरवरून चालतो, त्यामुळे लाईट गेल्यावर लोडची बदलाबदली काही होत नाही. आणि त्याचा पंखा सहसा सतत फिरत असतो, आमचा डबा एकदम शांत. मागे यूएसबी पोर्ट होतं, म्हटलं बॅटरी संपत आली की सर्व्हर आपोआप नीट शटडाऊन होईल, नट म्हणून फुकट सॉफ्टवेअर मिळतं ते टाकलं, दोन रात्री बसलो, यूपीएस दिसेचना. दुकानदाराला फोन केला तर म्हणे ड्रायव्हर टाका.

मग जूनमध्ये एका संध्याकाळी बायको जीएसटीचं काम करत बसली होती, एंट्र्या चालू होत्या आणि लाईट गेली. यूपीएस दोनदा बीप झाला आणि चाळीस सेकंदांच्या आत सगळं काळं. लाईट आल्यावर मिरर पुन्हा सिंक व्हायला लागला, ते चालू असतानाच परत लाईट गेली, परत सगळं बंद. दोन कंपन्यांचा टॅली डेटा उघडेना. बॅकअप होता पण नऊ दिवस जुना. ते नऊ दिवस तिनं व्यापाऱ्यांकडून बिलं परत मागवून रात्री जागून भरले, लोकांना काय सांगायचं म्हणून ती रडकुंडीला आली होती. हे लिहिताना अजून राग येतोय.

दुकानदार म्हणाला तुमचा लोड जास्त आहे. १ केव्हीएवर १७० वॉट जास्त? मग तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) ओळखीचे एक रिपेअरवाले काका आहेत त्यांच्याकडे तो डबा नेला. त्यांनी माझ्यासमोर उघडला. (घरी उघडू नका, प्लग काढलेला असला तरी आत बॅटरी असते आणि कपॅसिटर झटका देऊ शकतात.) तीन बॅटऱ्या होत्या खऱ्या, पण तिसरीला वायरच नव्हती, नुसती वजनासाठी ठेवलेली. बाकी दोघींवर २०२५ चा चकचकीत स्टिकर, काकांनी नखानं सोलला तर खाली प्लास्टिकवरच उमटवलेला कोड, २०१९ चा. यूएसबी पोर्टच्या मागे एकही वायर नाही, नुसतं तोंड. आणि ट्रान्सफॉर्मर बघून काका म्हणाले, हा १ केव्हीए नाहीच रे, ६०० व्हीएचा लाईन इंटरॅक्टिव्ह आहे, मोठ्या डब्यात बसवलाय. म्हणजे ०.६ पॉवर फॅक्टर (व्हीएपैकी खरे वॉट किती मिळतात ते प्रमाण) धरला तर वॉट ३६० च. डब्यावर वॉटचा आकडा नव्हताच, आणि व्हीए वाचून मी खूश झालो होतो.

बॅटरी तपासायची त्यांची पद्धत मला फार आवडली. नुसतं मीटर लावलं तर १२.६ व्होल्ट दाखवत होतं, म्हणजे दिसायला ठणठणीत. मग त्यांनी गाडीच्या हेडलाईटचा ५५ वॉटचा बल्ब जोडला, मिनिटभरात मीटर १० च्या खाली. १२ व्होल्ट ७ एएचची (एएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) नवीन बॅटरी हा बल्ब निदान अर्धा तास तरी खेचते म्हणाले. सल्फेशन झालेली (प्लेटांवर सल्फेटचा थर बसलेली) बॅटरी वरवर व्होल्टेज दाखवते, लोड टाकला की बसते.

आता मी काय करतो सांगतो. नवीन यूपीएस पक्क्या बिलावर घेतला, बिलावर मॉडेल, सिरीयल नंबर, व्हीए आणि वॉट दोन्ही लिहून घेतले. दुकानदाराला आधीच विचारलं की माझा सीपीयू आणून लावून बघू का, त्याला काही अडचण नव्हती, वीस मिनिटं माझाच सर्व्हर चालवून बघितला. डेटा केबल तिथंच जोडून बॅटरीचे टक्के स्क्रीनवर दिसतात का तेही बघितलं. जो दुकानदार याला नाही म्हणेल तिथून सरळ बाहेर या. आणि लाईन इंटरॅक्टिव्ह घेतला तरी काही बिघडत नाही, फक्त साईनवेव्ह असू दे, घरच्या सर्व्हरला ऑनलाइनच पाहिजे असं नाही, माझा आत्ताचा लाईन इंटरॅक्टिव्हच आहे.

जुन्या दुकानदाराविरुद्ध ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार केलीये. कच्चं बिल असल्यानं अवघड जाणार आहे, पण यूपीआयनं पैसे दिल्याचा पुरावा आहे, त्याचे व्हॉट्सॲपवरचे "ऑनलाइन, ३ नवीन बॅटरी" असे मेसेज आहेत. तिथं नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, ५ लाखांपर्यंत तिथं फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. डबा, सोललेले स्टिकर आणि ती बिनवायरची बॅटरी सगळं जपून ठेवलंय. तुमच्याकडे असा "डेमो पीस" असेल तर भंगारात देऊ नका, आधी बॅटरीवरचे कोड आणि स्टिकरचे फोटो काढून ठेवा, मेसेज डिलीट करू नका.