रिमोटवरचा सूर्य बघून फसलो : जुन्या घरातला हॉट अँड कोल्ड एसी

आमचं घर जुन्या नाशकात, आजोबांच्या वेळचं, दीड फुटी भिंती, वीट आणि पांढरी माती. मागची खोली आईची आणि तिच्यावर पत्रा, त्यामुळे एप्रिलमध्ये तिथं बसवत नाही, आणि थंडीत निफाडचा पारा उतरला की इकडे आईचे गुडघे सुरू. म्हणून म्हटलं एकच हॉट अँड कोल्ड स्प्लिट एसी घेऊ, बारा महिने चालेल, शिवाय साधा हीटर जेवढी वीज खातो तेवढीच ऊब देतो, हे मशीन बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतं म्हणून तेवढ्याच विजेत दुप्पट-तिप्पट ऊब मिळते. हे गणित बरोबरच होतं. माणूस चुकला.

एप्रिल 2025 ची गोष्ट. ओळखीतल्याने सुचवलेला दुकानदार. दीड टनाचे 46,500 सांगितले, वर म्हणाला दादा पक्कं बिल नको, 28 टक्के जीएसटी कशाला भरताय, कॅश द्या 43 ला देतो, फिटिंग फ्री. आता एमआरपीत टॅक्स धरलेलाच असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण साडेतीन हजार वाचतायत म्हटल्यावर डोकं चालत नाही माणसाचं. वहीतल्या पानावर लिहून दिलं, "एसी 1.5 टन इन्व्हर्टर". बस्स.

फिटिंगला दोन पोरं आली. खोक्यात कंपनीचा 3 मीटर कॉपर पाइप होता, तो त्यांनी बाजूला काढला, "काका हा हलका असतो, आम्ही हेवी लावतो". त्या हेवी पाइपाचे 24 फूट, 250 रुपये फुटाने 6,000. ब्रॅकेट 1,200. कोअर कटिंग, म्हणजे मशीनने भिंतीला गोल भोक पाडणं, त्याचे 1,500, आणि प्रत्यक्षात काय तर छिन्नी-हातोडा. भिंतीतून पाव घमेलं माती खाली आली, भोक एवढं मोठं झालं की हात जाईल, आणि उतार बाहेरच्या ऐवजी आत! मी विचारलं व्हॅक्यूम, म्हणजे पाइपातली हवा पंपाने ओढून काढणं, ते करणार ना, तर म्हणे पंप गाडीत आहे. पंप काही गाडीतून उतरला नाही. नट सैल करून थोडा गॅस सोडला, फुस्स झालं, "निघाली हवा". नंतर कळलं की एसीतला हा आर-32 पेट घेऊ शकणारा गॅस आहे आणि आई तिथंच खाटेवर बसली होती.

जाताना पोरग्याने रिमोटवर मोड बदलून दाखवला, सूर्याचं चिन्ह आलं. "हे बघा हीट. थंडीत हेच बटण." आम्ही खूश, बाहेर 39 डिग्री, हीट चालवून कोण बघतंय?

जूनमध्ये गारवा कमी झाला. फिटिंगवालाच आला, म्हणाला जुन्या घराच्या भिंती तापतात म्हणून गॅस लवकर संपतो. 2,800 घेतले. वजनकाटा नाही, मीटर नाही, अंदाजाने भरला. अहो, गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे का संपायला? बंद पाइपात फिरत असतो, कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. हे मला आज कळतंय. पावसाळ्यात भिंतीला ओल धरली, पोपडे आले, आम्हाला वाटलं पत्रा गळतोय, पत्रेवाल्याला बोलावलं, त्याचे 900 गेले ते वेगळेच. पाणी एसीच्या ड्रेनचं, म्हणजे एसीतलं पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीचं होतं, भोकाचा उतार आत होता ना.

डिसेंबरात आईने शाल गुंडाळून रिमोट दाबला. सूर्य आला. हवा नुसती पंख्यासारखी. अर्धा तास थांबलो, काही नाही. दुकानदार फोनवर म्हणे जुन्या घरात फटी असतात, हीट टिकत नाही. शेवटी कंपनीच्या टोल फ्री नंबरवरून माणूस बोलावला. त्याने काही उघडलंच नाही, इनडोअरच्या बाजूचं लेबल मोबाइलच्या टॉर्चने वाचलं आणि म्हणाला, साहेब यात फक्त कूलिंग कपॅसिटी लिहिलीय, हीटिंगची ओळच नाही, हे मॉडेल गरम करतच नाही. रिमोट बऱ्याच मॉडेलना एकच येतो म्हणून सूर्य दिसतो. मग बाहेरच्या जॉइंटला साबणाचा फेस लावला, दोन मिनिटांत बुडबुडे. नटाच्या आतला फ्लेअर, म्हणजे पाइपाचं फुलवलेलं तोंड, तिरका. टेपने मोजला तर पाइप 15 फूट, आणि दाबून बघितला तर अंगठ्याने दबतोय. वॉरंटीत करा म्हटलं तर तो म्हणाला बिल दाखवा. मी वहीचं पान दाखवलं. तो हसला नाही हे त्याचे उपकार.

दुकानदार आता म्हणतो तुम्ही हॉट-कोल्ड मागितलाच नव्हता. पण माझ्याकडे त्याचा व्हॉट्सअॅप मेसेज निघाला, "आईंसाठी हॉट कोल्डच देतो". तो स्क्रीनशॉट लावून 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली, आठ दिवसांत पाइपाचे पैसे परत आले. मशीनच्या किमतीतल्या फरकावर दुकानदार अजून टाळतोय. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या मालाला तक्रारीची फी नाही आणि मुदत दोन वर्षं आहे, तेव्हा तिकडेही जाणार आहे.

जुन्या घरात लावत असाल तर रिमोटवरच्या सूर्यावर जाऊ नका, लेबलवर हीटिंग कपॅसिटीची ओळ आहे का ते बघा. लेबलचा फोटो पैसे देण्याआधी काढा. पाइप लागल्यावर लगेच टेप लावून मोजा, कारण प्लास्टर झालं की कोण मोजणार. आउटडोअर 30-35 किलोचं धूड असतं, मातीच्या भिंतीत फास्टनर धरत नाही, आमचा ब्रॅकेट दिवाळीपर्यंत बोटभर झुकला होता, आता खाली फरशीवर स्टँड करून ठेवलंय. आणि ड्रेनमध्ये आतून तांब्याभर पाणी ओतून बाहेर पडतंय का बघा.

आईने परवा जुना ऑइल हीटर माळ्यावरून काढायला लावला. रिमोट तिने टीव्हीमागे ठेवलाय, म्हणते दिसला की चिडचिड होते.