सँडरसन, रॉथफस की हॉब? आधी तक्रारी ऐका

टीव्हीवरची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ बघून झाली, हॅरी पॉटरची पारायणं शाळेतच उरकली, आता मोठ्यांसाठीची एखादी आधुनिक फँटसी वाचावी असं मनात आलं की विचारपूस सुरू होते. उत्तरं ठरलेली असतात. एक म्हणतो सँडरसन घे, डोळे झाकून. दुसरी म्हणते रॉथफससारखं इंग्रजी या प्रकारात कुणी लिहीत नाही. आणि तिसरं कुणीतरी हमखास बजावतं, की रॉबिन हॉब वाचली नसेल तर काहीच वाचलं नाही. तिघंही मनापासून सांगत असतात, त्यामुळे विचारणारा होता तिथेच राहतो.

माझा अनुभव असा की या प्रकारात स्तुती फारशी कामाची नसते. ‘अप्रतिम’ सगळ्यांनाच म्हटलं जातं. तक्रारी मात्र नेमक्या असतात. आणि गंमत म्हणजे ज्या गोष्टीवर एक वाचक जीव टाकतो, तिलाच दुसरा विटलेला असतो. त्यामुळे कोणती तक्रार आपल्याला चालवून घेता येईल, एवढं ठरवलं तरी पुरे.

म्हणून तिघांची सुरुवातीची पुस्तकं शेजारी ठेवू: ब्रँडन सँडरसनच्या ‘मिस्टबॉर्न’ मालिकेतलं ‘द फायनल एम्पायर’ (२००६), पॅट्रिक रॉथफसचं ‘द नेम ऑफ द विंड’ (२००७) आणि रॉबिन हॉबचं ‘असॅसिन्स अप्रेंटिस’ (१९९५). ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ज्यांच्या पुस्तकांवरून आली त्या जॉर्ज मार्टिन यांना मुद्दाम बाहेर ठेवलंय. त्यांची गोष्ट तुम्हाला मालिकेतून बरीचशी ठाऊक आहे आणि त्यांच्या पाचव्या भागानंतरची वाट २०११ पासून बघणं चालू आहे. एका पुस्तकासाठी इतकं ताटकळणं बास झालं, दुसरंही तसंच एक याच यादीत आहे.

आधी जादूबद्दल, कारण वाचकांची सगळ्यात जास्त भांडणं तिच्यावरून होतात.

सँडरसनच्या जगात जादू करणारी माणसं धातूचा बारीक चुरा घातलेली कुपी पितात आणि पोटातला तो धातू ‘जाळतात’. प्रत्येक धातूचं काम वेगळं. कथिलाने इंद्रियं तल्लख होतात, लोखंडाने आसपासचा धातू स्वतःकडे ओढता येतो, पोलादाने तो ढकलता येतो. पण ढकलाल तेवढाच धक्का उलट तुम्हालाही बसतो. साधं नाणं हवेत ढकललं तर ते गोळीसारखं सुटतं. तेच नाणं खाली टाकून ढकललं तर जमिनीमुळे त्याला जायला जागा नसते, मग तुम्हीच वर उडता. घरांच्या छपरांवरून माणसं रात्री धुक्यात उड्या मारत जातात ती अशी, चिल्लर फेकत. हे एकदा डोक्यात बसलं की मारामारीच्या प्रसंगांत आपणही हिशेब करायला लागतो: समोरच्याच्या अंगावर धातू काय आहे, खिडकीला गज आहेत का, कुपी संपत आली का. सँडरसनच्या चाहत्यांना हेच हवं असतं. शेवटच्या शंभरेक पानांत सगळे धागे एकदम कोसळत येतात, त्याला त्यांनी ‘सँडरलांच’ असं नावही ठेवलंय. तक्रार करणारे म्हणतात, ही कसली जादू, हा तर फिजिक्सचा पेपर. दोघांचंही खरं आहे.

रॉथफसकडे दोन्ही सोयी आहेत. त्याच्या विद्यापीठात शिकवतात ती विद्या जवळजवळ विज्ञानच: दोन वस्तूंचा संबंध जोडायचा आणि एकीची ऊर्जा दुसरीत न्यायची. वस्तू जितक्या सारख्या, तितकी गळती कमी. पण त्यापलीकडे वाऱ्याचं खरं नाव ठाऊक असणं ही निराळीच गोष्ट आहे, आणि ती कुठल्या वर्गात शिकवून येत नाही. जादू गूढच राहावी असं वाटणारा वाचक इथे खूश होतो.

हॉब नियम समजावत बसतच नाही. तिच्या नायकाला, फिट्झला, प्राण्यांच्या मनाशी जोडलं जाता येतं, आणि त्या राज्यात ही शक्ती म्हणजे कलंक. जादू असणं हे इथे लपवायचं प्रकरण आहे. युवराजाचा हा अनौरस मुलगा. सहा वर्षांचा असताना त्याला आणून राजघराण्याच्या हवाली केलं जातं. तबेला सांभाळणाऱ्या बरिचच्या ताब्यात तो येतो आणि नोझी नावाच्या पिल्लाशी त्याचं मन जुळतं. दोघं मिळून हुंगतात, पळतात, खायला चोरतात, आणि वाचतानाही मुलगा कुठे संपतो आणि पिल्लू कुठे सुरू होतं ते कळेनासं होतं. बरिचच्या ते लक्षात येतं तेव्हा तो पिल्लाला उचलून घेऊन जातो, आणि पोराला आपल्या आतलंच काहीतरी तुटल्याचं जाणवतं. पुस्तक नुकतं कुठे सुरू झालेलं असतं. हॉबची जात इथेच कळते. हे वाचून गलबलून आलं तर पुढचं सगळं तुमचं. ‘बरं, पण लढाई कधी?’ असं वाटलं तर इथेच थांबा. फिट्झला सुख मिळू देत नाही आणि फार सावकाश जाते, या तिच्याबद्दलच्या दोन मुख्य तक्रारी आहेत. दोन्ही शंभर टक्के खऱ्या. तरीही माणसं रंगवण्यात या तिघांत तिच्या जवळपास कुणी नाही, असं मला वाटतं.

रॉथफसचा क्वोथ याच्या अगदी उलट. गाणं येतं, वाजवणं येतं, विद्यापीठात सगळ्यांत लहान वयात प्रवेश, वर बोलणं तिखट. कंटाळलेले वाचक म्हणतात, या माणसाला येत नाही असं काही आहे का? समर्थकांचं उत्तर तयार असतं: गोष्ट तो स्वतःच सांगतोय, बढाया मारत असेल. युक्तिवाद चांगला आहे, पण सहाशेहून जास्त पानं बढाई ऐकायची तर ऐकणाऱ्यालाही दम हवा. मला स्वतःला क्वोथ सुसह्य होतो तो त्याच्या कडकीमुळे. दर सत्राला नऊ मास्तरांपुढे तोंडी परीक्षा, आणि उत्तरं ऐकून ते फी ठरवणार. पहिल्या वेळी तो असा बोलतो की फी उणे तीन टॅलंट ठरते, म्हणजे विद्यापीठच त्याला पैसे देतं. पुढे मात्र दर खेपेला पैशांची जुळवाजुळव, सावकारी कर्ज, एकच धड सदरा. ड्रॅगन-राजे-तलवारींच्या गर्दीत फीची चिंता करणारा नायक विरळा. डेना ही त्याची प्रेमपात्र मात्र बऱ्याच जणांना, आणि मलाही, कागदीच वाटते.

सँडरसनची विन या दोघांच्या मधली. रस्त्यावर वाढलेली चोरटी मुलगी, कुणावरही विश्वास न ठेवणारी. हजार वर्षं राज्य करणाऱ्या हुकूमशहाला उलथवायला निघालेल्या टोळीत ती सामील होते. मुलगी पटते, टोळी मजेदार आहे, पण पुस्तक संपल्यावर लक्षात राहते ती योजना.

इंग्रजीतून वाचणार असाल तर भाषेचा विचार हवाच. सँडरसनचं इंग्रजी सगळ्यांत सोपं. शब्दकोश लागत नाही, वाक्यं सरळ. ‘भाषेत काही दम नाही’, ‘माणसं सारखी भुवया उंचावतात’ ही त्याच्यावरची टीका वाचून घाबरू नका. इंग्रजी कादंबऱ्यांची फार सवय नसलेल्याला हाच गुण आहे. रॉथफसचं पहिलंच पान एका सराईतल्या शांततेवर खर्ची पडतं. ते पान दुकानात उभ्या उभ्या वाचा. आवडलं तर पुस्तक घरी आणा, उगाच नटवं वाटलं तर ठेवून द्या, पुढेही तो असाच लिहितो. हॉबची भाषा शांत, जुन्या वळणाची. अवघड नाही, पण घाईने वाचता येत नाही.

आता सगळ्यांत कडवट तक्रार. क्वोथची गोष्ट तीन दिवसांत सांगायची असं पहिल्या पुस्तकातच ठरतं, एका दिवसाचं एक पुस्तक. दुसरा दिवस ‘द वाइज मॅन्स फिअर’ २०११ मध्ये आला. तिसरा दिवस अजून उजाडलेला नाही. मधल्या काळात त्याच जगातल्या छोट्या गोष्टी आल्या, मुख्य कहाणी तिथेच आहे. त्यात दुसऱ्या पुस्तकात समुद्रप्रवास, चाचे, जहाज फुटणं हे सगळं नायक चार ओळींत उरकतो आणि परीलोकातल्या एका सुंदरीबरोबरचे प्रसंग मात्र लांबत जातात. चिडलेल्या वाचकांचा राग मला समजतो. काही जण म्हणतात, अर्धवट असली तरी वाचावीच. वाचनाचा आनंद शेवटावर थोडाच अवलंबून असतो? असतो. निदान या गोष्टीत तरी, कारण आता एका सराईमध्ये दारू ओतणारा हा थकलेला क्वोथ असा का झाला, हेच तर ती सांगायला बसलीय.

हॉब आणि सँडरसन या बाबतीत निर्धास्त. फिट्झची पहिली तीन पुस्तकं १९९७ मध्ये पूर्ण झाली. त्या जगातली एकंदर सोळा पुस्तकं २०१७ पर्यंत आली आणि त्यांतली नऊ फिट्झची आहेत. ‘मिस्टबॉर्न’ची मूळ त्रयी २००८ मध्येच संपली, शिवाय पहिलं पुस्तक एकटं वाचलं तरी गोष्ट पुरी होते. सँडरसनचा कामाचा उरक तर असा, की कुठलं पुस्तक किती टक्के लिहून झालं ते त्याच्या वेबसाइटवर दिसत राहतं. रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेले तेव्हा त्यांची ‘व्हील ऑफ टाइम’ ही अजस्र मालिकाही यानेच तीन पुस्तकांत पूर्ण केली.

तिघांपैकी कुणीच पटत नसेल, आणि ‘राजपुत्र, वाडे, तलवारी नकोतच’ असं असेल, तर एन. के. जेमिसिनचं ‘द फिफ्थ सीझन’ (२०१५) उघडा. त्या त्रयीच्या तिन्ही पुस्तकांना ओळीने २०१६, २०१७ आणि २०१८ चे ह्यूगो हे विज्ञानकथा-फँटसीसाठीचे पुरस्कार मिळाले. बापाने मारून टाकलेल्या लहानग्या मुलाच्या प्रेताजवळ बसलेल्या आईपासून गोष्ट सुरू होते आणि तिचा भाग वाचकाला ‘तू’ म्हणत सांगितलेला आहे. अनेकांना हे निवेदन पन्नास पानांतच नकोसं होतं. ज्यांना जमलं ते बाकीच्या फँटसीला नावं ठेवायला लागतात, तेवढं सांभाळा.

फँटसी पहिल्यांदाच वाचत असाल तर माझं मत ‘द फायनल एम्पायर’ला. एरवी कथा-कादंबऱ्या भरपूर वाचत असाल आणि माणसांत रस असेल, तर थेट हॉब. रॉथफस वाचा, पण तिसऱ्या पुस्तकाची चौकशी करणार नाही असं स्वतःला बजावून. आणि सँडरसन घेताना कुणी ‘द वे ऑफ किंग्ज’ हातात देऊ लागलं तर तूर्त नको म्हणा. ती हजार पानं म्हणजे दहा पुस्तकांच्या योजनेतलं फक्त पहिलं आहे, आणि २०२४ अखेरीस त्यातली पाचच झाली आहेत.